टाकी चालवणाऱ्यांची नावं

बार्शीटाकळीचं कालिका मंदिर सगळे हेमाडपंती म्हणून दाखवतात. तिथला शिलालेख शके 1098 चा, म्हणजे इ.स. 1176 चा. हेमाद्री पंडित यादवांच्या दरबारात मोठा झाला तो त्यानंतर पाऊणशेहून अधिक वर्षांनी. तरी नाव त्याचंच लागलं. चुना न वापरता दगडावर दगड बसवणाऱ्यांचं, कोनामागून कोन काढत भिंतीला चांदणीचा आकार देणाऱ्यांचं नाव कुठेच नाही. मी पाथरवटाची नात आहे. मला हे खुपतं.

वऱ्हाडचा दगड काळा, लाव्ह्याचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आजा आधी त्याच्यावर हातोडी वाजवून पाहायचा. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला की म्हणायचा, "याच्या पोटात चीर हाय." छिन्नीचं टोक दिवसभरात बोथट व्हायचं. संध्याकाळी भात्यावर तापवून, ठोकून त्याला पाणी द्यायचं. पोलाद फार कडक झालं तर टोक तुटतं, नरम राहिलं तर दुमडतं. मापायला काही नव्हतं. लोखंडाचा उतरता रंग डोळ्यांनीच धरायचा. मूर्ती घडवणाऱ्याला जी नजर लागते ती हीच, असं मी ठामपणे म्हणते.

नरनाळा किल्ल्याचा महाकाली दरवाजा पांढऱ्या वालुकाश्माचा, 1487 चा. कमळं, सज्जे, दगडी जाळ्या, अरबी लेख. इतकं नाजूक काम आमच्या काळ्या दगडात सहजी निघत नाही. कुठल्या कामाला कुठला दगड, हे कळणं हीसुद्धा कलाच.

राजे गेले, मोठी कामं गेली. टाकी मग जात्यावर, पाट्यावर, उखळावर चालली. जात्याच्या तळीला टाके सारखे पडले नाहीत तर ज्वारी दळली न जाता नुसती रगडली जाते. टाकी लावल्यावर पहिलं दळण घरात खायचं नाही, त्यात दगडाची कच येते, हे आजी गिऱ्हाइकाला बजावून सांगायची. पाटे डोक्यावर घेऊन बाजाराला तीच जायची. विजेच्या चक्क्या गावोगाव आल्या आणि हे काम आटत गेलं.

याच माणसांच्या कपाळी दुसरंही काही आलं. 1871 च्या इंग्रजी कायद्यानं आणि त्याच्या पुढच्या सुधारणांनी कित्येक भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. 31 ऑगस्ट 1952 ला तो शिक्का कायद्यानं पुसला. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आज वडार आहेत, आणि त्यांच्या पोटजातींत जाते वडार आहेत, पाथरवट आहेत. देवळं, किल्ले, धरणं, रस्ते ज्यांच्या घामावर उभे राहिले, त्यांची सरकारदरबारी नोंद कलावंत म्हणून झाली नाही, संशयित म्हणून झाली. याचा राग मला अजून येतो.

तुमच्या परसात जुनं जातं पडलं असेल तर ते मोडीत काढू नका. ते कोणी घडवलं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा, आणि नाव सांगितलं तर लिहून ठेवा.