घाटावरची वाइन, घाटाखालचा मोह

शहापूरहून निघालेली एसटी कसारा घाट चढून गेली की नाशिककडच्या द्राक्षबागा दिसू लागतात. मुरबाडहून माळशेज घाटाने वर गेलात तर जुन्नर-नारायणगावच्या बागा लागतात. घाटाखाली मात्र भात, नाचणी, वरई आणि मोहाची झाडं. या दोन पिकांकडे कायद्याने कसं पाहिलं, त्याची आज गोष्ट सांगायची आहे.

वाइनच्या द्राक्षाला कोरडी हवा आणि थंड रात्री मानवतात. आमच्याकडचा धो धो पाऊस आणि दमट हवा वेलीला सोसत नाही. घाटावर एप्रिलमध्ये एक आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी छाटणी होते. हिवाळ्यातल्या गार रात्रींमुळे फळात आंबटपणा टिकतो. जानेवारी ते मार्च तोडणी चालते. लाल वाइनसाठी काळी द्राक्षं सालीसकट आंबवतात, कारण रंग सालीतून उतरतो. यीस्ट साखरेची दारू करतं आणि वाइन तयार होते.

मोहाचंही मूळ तेच, साखर. होळीच्या सुमारास मोहाची मांसल, गोड फुलं पहाटे जमिनीवर पडतात. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी बायका टोपल्या घेऊन उजाडायच्या आत झाडाखाली हजर असतात. फुलं वाळवून ठेवतात. मुरबाडकडच्या एका आजींनी मला सांगितलं होतं, "पावसात घरात दाणा नसायचा, तेव्हा ही फुलं शिजवून पोरं जगवली." उरलेली फुलं भिजवून आंबवायची आणि भट्टीवर चढवायची. वाइन आंबवण्यावर थांबते, इथे वाफ थंड करून दारू गाळतात. त्यामुळे ती वाइनपेक्षा कडक असते. लग्नात, देवाच्या कार्यात तिचा मान असे.

मग सरकारला यात महसूल दिसला. १८७८च्या मुंबई आबकारी कायद्याने दारू गाळणं आणि विकणं परवान्याखाली आलं. मुंबईसमोरच्या उरणच्या भट्ट्यांत गाळलेली मोहाची दारू मक्तेदारांच्या दुकानांतून विकली जाऊ लागली. म्हणजे मोह वाईट नव्हता, घरचा मोह तेवढा वाईट ठरला! तरीही लोक घरी गाळतच राहिले. तेव्हा १८९२ साली खास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोह कायदा आला. आता दारूच नव्हे, फूल साठवण्यावरही बंधनं आली. दाराशी पडलेलं फूल घरात ठेवणं हा गुन्हा होऊन बसला.

स्वातंत्र्यानंतर १९४९च्या दारूबंदी कायद्यातही मोहफुलांवर नियंत्रणाची कलमं राहिली. दरम्यान चोरट्या हातभट्टीत काळा गूळ आणि नवसागर शिरला. मोह बदनाम झाला, पण त्या बाटलीत बहुतेकदा मोह नव्हताच.

घाटावर मात्र २००१ साली राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया धोरण जाहीर केलं. वाइनला करात सवलती मिळाल्या, वाइन शेतमालाची प्रक्रिया मानली गेली. शेतकऱ्याचं भलं झालं असेल तर मला त्यात आनंदच आहे. शेजारच्या गोव्यात काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मोहफुलं गोळा करणं, साठवणं आणि वाहून नेणं यांवरचे निर्बंध आपल्या राज्यात उठायला २०२१ साल उजाडावं लागलं.

मी दारूची भलावण करत नाही. पिण्यापायी उद्ध्वस्त झालेली घरं मी पाड्यापाड्यांवर पाहिली आहेत. पण व्यसन द्राक्षाचंही लागतं. एकाच्या फळाला धोरण आणि दुसऱ्याच्या फुलाला पोलीस, हा भेद हवापाण्याने केलेला नाही, तो कागदावर झाला. मोहाचे लाडू, सरबत, मनुकांसारखी सुकवलेली फुलं यांना बाजार मिळाला, तर पहाटे टोपली घेऊन निघणाऱ्या बाईच्या हातात चार पैसे पडतील. सव्वाशे वर्षांहून जुनी चूक दुरुस्त करण्याची ती एक सुरुवात ठरेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)