नऊ मिनिटं

तर झालं असं की गेल्या वर्षी ऑनसाइटसाठी तीन महिने न्यू जर्सीला होतो आणि बहुतेक वीकेंड एडिसनला मामाकडेच जायचे. एका शनिवारी त्याचं बेसमेंट आवरताना बुटांचा एक खोका सापडला. आत जुनी कॉलिंग कार्ड्स, शंभरेक तरी. ताजमहाल, हत्ती, तिरंगा... सगळ्यांचे पिन खरवडलेले. आणि प्रत्येकाच्या मागे मामाच्या बारीक अक्षरात दोन आकडे. 30/24. 30/22.

"मामा, हे काय रे?"

"पहिला आकडा म्हणजे रेकॉर्डेड बाई सांगायची ती मिनिटं. दुसरा म्हणजे मिळालेली."

मामाही इंजिनिअरच. लॉग ठेवल्याशिवाय चैन पडत नाही.

तेव्हापासून डोक्यात एकच किडा. त्याच बेसमेंटमधून मी आईशी रोज व्हिडिओवर बोलत होतो, वेगळा छदामही न देता. समुद्र तर तेव्हाही तेवढाच रुंद होता! मग महाग नक्की काय होतं?

सुरुवातीला महागाईला कारण होतं. 1927 मध्ये न्यूयॉर्क ते लंडन रेडिओवरून फोन सुरू झाला, तीन मिनिटांना 75 डॉलर! गंमत म्हणजे त्याच वर्षी भारत आणि इंग्लंडमध्ये बिनतारी तारसेवा सुरू झाली, तीही आपल्या खडकी आणि दौंडच्या केंद्रांवरून. हो, दौंड! जिथे गाडीचं इंजिन उलट्या बाजूला लागायचं तेच. 1933 मध्ये या दोन देशांत रेडिओवरून बोलायचीही सोय झाली. पुढे 1956 मध्ये अटलांटिकखालून पहिली टेलिफोन केबल गेली. दर तोवर उतरून तीन मिनिटांना 12 डॉलर झाला होता, पण एका वेळी कॉल किती? फक्त 36. आमच्या ऑफिसात एका मजल्यावर याहून जास्त लोक एका वेळी कॉलवर असतात.

पण 1988 मध्ये त्याच समुद्राखालून ऑप्टिकल फायबर गेली आणि 36 चे जवळपास 40,000 झाले. म्हणजे तार स्वस्त झाली. बिल मात्र त्या वेगाने उतरलं नाही.

कारण बिल तारेचं नव्हतंच, हिशोबाचं होतं. नियम असा, की फोन लावणाऱ्या देशाच्या कंपनीने फोन वाजतो त्या देशाच्या कंपनीला दर मिनिटाला ठरलेली रक्कम द्यायची. भारतात अशी कंपनी एकच, 1986 मध्ये स्थापन झालेली विदेश संचार निगम. अमेरिकेतून येणारे फोन जास्त, इथून जाणारे कमी. त्यामुळे मामाचं प्रत्येक "आई, जेवलीस का?" म्हणजे देशाला थोडे डॉलर. देशाला डॉलर हवेही होते, नाही असं नाही. पण ते द्यायचे कोणी, तर ज्याला घरची आठवण येते त्याने!

जिथे असा नाका, तिथे आडवाट असणारच. 1990 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या हॉवर्ड जोनासने कॉलबॅकचा धंदा सुरू केला. परदेशातून अमेरिकेला फोन महाग, उलट दिशेने स्वस्त. मग परदेशातून एक रिंग देऊन ठेवून द्यायचं, अमेरिकेतलं यंत्र उलटा फोन करणार. थोडक्यात काय, तर मिस्ड कॉल! आपल्याकडे हे कोणाला शिकवावं लागलं नाही.

1997 मध्ये अमेरिकेच्या संचार आयोगाने ठरवलं की गरीब देशांना मिनिटाला जास्तीत जास्त 23 सेंटच द्यायचे, अर्थात काही वर्षांची मुदत देऊन. दर उतरू लागले आणि किराणा दुकानांत कार्डांची गर्दी झाली. कार्डावर दर ठळक, अटी मुंगीएवढ्या. जोडणीचं शुल्क, वापरा न वापरा देखभालीचं शुल्क, सेकंदांची गोळाबेरीज थेट पुढच्या मिनिटात. 2008 मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अशा काही कंपन्यांना कोर्टात खेचलं, कारण हेच: सांगितलेली मिनिटं मिळत नव्हती. मामाचे दोन आकडे!

खोक्यात तळाशी एक कार्ड होतं. 30/21. खाली लिहिलेलं: "नाना राहिले."

नाना म्हणजे माझे आजोबा. रविवारी सकाळी साडेनऊला मामा साताऱ्याला फोन लावायचा, इथे रात्रीचे आठ. आधी आजी, मग आई, शेवटी नाना, कारण त्यांना कमी ऐकू यायचं आणि फोनपर्यंत यायला वेळ लागायचा. त्या रविवारी ते खुर्चीतून उठले आणि फोन कट झाला. ओक ट्री रोडवरचं दुकान उघडून नवीन कार्ड हातात येईपर्यंत नाना झोपलेले असणार. मामा म्हणाला, "म्हटलं, पुढच्या रविवारी आधी नानांनाच द्यायला सांगू."

गुरुवारी नाना गेले. फेब्रुवारी 2002.

दीड महिन्याने, 1 एप्रिल 2002 ला, विदेश संचार निगमची मक्तेदारी संपली आणि त्याच दिवसापासून भारतात इंटरनेटवरून फोन करणं कायदेशीर झालं. 2003 मध्ये स्काईप आलं, 2015 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवरून बोलता येऊ लागलं, आणि मे 2025 मध्ये स्काईप बंदही झालं. माझ्या टीममधल्या फ्रेशर मुलाला कॉलिंग कार्ड म्हणजे काय, हे मला समजावून सांगावं लागलं.

मी मामाला विचारलं, "हे सगळं टाकून देऊ?"

"बाकीची टाक," तो म्हणाला. ते एक त्याने पाकिटात ठेवलं.