एक नाव, अनेक रूपे

‘कर’ हा आपल्या भाषेतील एक लहानसा शब्द. ‘कर जोडले’ म्हटले की तो हात होतो. ‘कर भरला’ म्हटले की सरकारी देणे. कोणता अर्थ घ्यावयाचा, हे वाक्य वाचतानाच ठरते. उलट, ‘आपापली वही काढा’ ही आज्ञा फळ्यावर लिहून ठेवली, तर कोणती वही निघेल हे वर्गात मुले येऊन बसेपर्यंत ठरत नाही. संगणकाच्या भाषांतही एका नावाला अनेक रूपे असतात. त्यांतील निवड आज्ञावलीचे यंत्रभाषेत भाषांतर होतानाच करावी, की ती चालू असताना, हा जुना प्रश्न आहे.

पहिली रीत आधीची. १९५७ च्या फोरट्रान भाषेत बेरजेचे एकच चिन्ह पूर्णांकांना आणि अपूर्णांकांना चाले. यंत्राची कोणती क्रिया योजावयाची, हे भाषांतर करणारा कंपायलर ठरवी.

दुसरी रीत नॉर्वेत आकारास आली. ओस्लो येथे ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन नीगार्ड हे व्यवहारातील घडामोडींच्या प्रतिकृती संगणकावर उभारीत होते. त्यांच्या सिम्युला ६७ या भाषेत वर्ग आणि उपवर्ग आले. वर्गातील एखादे कार्य प्रत्येक उपवर्गाने आपल्या रीतीने करावे, आणि समोर कोणती वस्तू आहे ते पाहून आयत्या वेळी निवड व्हावी, अशी तीत सोय होती.

या सोयीस्कर भाषेची दुसरी बाजू ब्यार्न स्ट्रूस्ट्रुप यांनी केंब्रिजला अनुभवली. सिम्युलात विचार सुरेख मांडता येई. पण त्यांची आज्ञावली फार सावकाश चाले. आयत्या वेळची निवड हेच काही त्याचे एकमेव कारण नव्हते. तरी अशा सर्व ओझ्यांचा हिशेब ठेवण्याची सवय त्यांना तेथे लागली. १९७९ मध्ये बेल प्रयोगशाळेत त्यांनी सी भाषेला वर्गांची जोड दिली, तेव्हा ही निवड तीत नव्हती. १९८३ च्या सुमारास सी प्लस प्लस हे नाव मिळताना दोन्ही रीती तीत आल्या. मात्र आयत्या वेळची निवड हवी तेथे ‘व्हर्च्युअल’ हा शब्द लिहावा लागे. मग कार्यांच्या पत्त्यांचा एक तक्ता पाहून योग्य कार्य शोधले जाई. १९९५ च्या जावाने उलट मार्ग धरला : तेथे वस्तूंच्या सामान्य कार्यांसाठी आयत्या वेळची निवड हाच नियम झाला.

आधी ठरविले तर वेग लाभतो. नंतर ठरविले तर उद्या येणाऱ्या नव्या उपवर्गासाठी जुनी आज्ञावली बदलावी लागत नाही. म्हणूनच दोन्ही रीती आजही शेजारी शेजारी नांदत आहेत.