गलबतांचें सुतक

मराठी घरांत सुतक दहा दिवसांचें असतें. युरोपांतील बंदरांत परमुलखांतून आलेल्या गलबताला जें सुतक पाळावें लागे, तें चाळीस दिवसांचें होतें. आणि ‘चाळीस’ या अर्थाच्या इटालियन शब्दावरूनच ‘क्वारंटीन’ हें नांव जगभर रूढ झालें. प्रारंभ मात्र तीस दिवसांनीं झाला. एड्रियाटिक समुद्राच्या कांठीं वसलेल्या रागुझा, म्हणजे हल्लींच्या दुब्रोव्हनिक, या व्यापारी नगरानें १३७७ सालीं असा ठराव केला कीं, प्लेगच्या प्रदेशांतून येणाऱ्या मनुष्यानें नेमून दिलेल्या जागीं एक महिना काढल्यावांचून शहरांत पाऊल टाकूं नये. पुढें १४२३ मध्यें व्हेनिसनें एका बेटावर प्लेगच्या रोग्यांसाठीं कायमचें इस्पितळ उभारलें.

व्यापारावर जगणाऱ्या नगरांनींच व्यापाराला अडसर घालणारा कायदा करावा, यांतच त्याचें वर्म सांपडतें. बंदर बंद ठेवावें तर पोट कसें भरावें, आणि उघडें ठेवावें तर जीव कसा वांचवावा, या पेचांतून तो निघाला. असा कायदा चोरट्या खलाशापेक्षां खुद्द रखवालदाराकडूनच मोडला जाण्याचें भय अधिक. फ्रान्समधील मार्सेय बंदराची हकीकत या दृष्टीनें ऐकण्यासारखी आहे.

अठराव्या शतकाच्या आरंभीं मार्सेयची व्यवस्था कडक म्हणून प्रसिद्ध होती. कप्तानानें जेथें जेथें नांगर टाकला असेल, त्या त्या बंदराचें आरोग्यपत्र त्याला दाखवावें लागे, आणि पत्र जितकें संशयास्पद तितका मुक्काम लांबे. मालाचा वनवास तर माणसांहून कठीण. कापूस, लोकर, रेशीम यांच्या गांठी लाझारेतांत, म्हणजे तटबंदीबाहेरच्या आरोग्यगृहांत, उघडून दिवसचे दिवस वाऱ्यावर ठेवीत.

‘ग्रां सेंत आंत्वान’ नांवाचें गलबत भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरून २५ मे १७२० रोजीं मार्सेयला आलें. वाटेंत एक उतारू, कित्येक खलाशी आणि खुद्द गलबतावरचा शस्त्रवैद्य मरण पावला होता. कप्तान शातो यानें आपणांस मागच्या खोलींत कोंडून घेतलें होतें. इटलींतील लिव्होर्नो बंदरानें त्याला आंत घेण्याचें साफ नाकारलें होतें. असें गलबत दूरच्या जार बेटाकडे रवाना व्हावयास हवें होतें, आणि आरोग्यमंडळानें प्रथम तसा निर्णय घेतलाहि. पण त्याच्या पोटांत रेशमी व सुती मौल्यवान माल होता, बोकेर गांवची जुलै महिन्यांतली मोठी जत्रा तोंडावर आली होती, आणि मालाच्या धन्यांत शहराचा पहिला नगराधिकारी एस्तेल हाहि होता. मंडळानें निर्णय फिरविला व किंमती माल शहरालगतच्या लाझारेतांत उतरवूं दिला. एस्तेलनें कितपत दडपण आणलें याविषयीं इतिहासकारांत मतभेद आहेत. पण मंडळावर व्यापाऱ्यांचा भरणा होता, आणि अशा सभेंत दडपण आणावेंच लागतें असें नाहीं.

गांठी उघडणारे हमाल प्रथम मेले. जून महिन्यांतच शहराच्या गरीब गल्ल्यांत रोग शिरला. पण प्लेग हें नांव उच्चारलें कीं बंदराचा व्यवहार बुडाला. म्हणून अधिकाऱ्यांनीं कित्येक आठवडे तें नांव जाहीरपणें घेतलें नाहीं. ऑगस्टांत दिवसाला हजाराच्या आसपास माणसें मरूं लागलीं. सुमारें ९० हजार वस्तीच्या त्या शहरांतलीं अदमासें ४० हजार माणसें गेलीं, आणि आसपासच्या प्रांतांतलीं हजारों आणखी. सप्टेंबरमध्यें राजप्रतिनिधीच्या हुकुमानें तें गलबत जाळलें गेलें, आणि तेंहि त्याच जार बेटापाशीं. कप्तान शातो तुरुंगांत पडला. एस्तेलला १७२२ मध्यें राजाकडून उमरावकीची सनद मिळाली.

मार्सेयच्या धास्तीनें इंग्लंडनें १७२१ सालीं अत्यंत कठोर कायदा केला. पण आगबोटी आल्या, पटकी समुद्र ओलांडूं लागली, आणि प्रत्येक देशाचा निराळा नियम व्यापाराला जाचूं लागला. त्यावर तोड काढण्यासाठीं १८५१ सालीं बारा राष्ट्रांचे प्रतिनिधी पॅरिसला जमले, सहा महिने बोलले, आणि फारसें कांहीं न ठरवितां परतले. सुएझचा कालवा १८६९ मध्यें खुला झाल्यावर त्यांतून जाणाऱ्या बोटी बव्हंशीं इंग्रजांच्या. तेव्हां अटकाव नको असें इंग्रजांनीं म्हणावें आणि इतरांनीं त्यांत स्वार्थ पाहावा, हें ओघानेंच आलें.

अशा वेळीं मुंबईवर पाळी आली. मांडवी भागांत सप्टेंबर १८९६ मध्यें डॉ. व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला, आणि ज्या बंदरांत जगाच्या बोटी येत, त्याच बंदराच्या बोटींचा जगाला संशय येऊं लागला. फेब्रुवारी १८९७ मध्यें साथरोगांचा कायदा झाला. बोटींची व उतारूंची तपासणी करण्याचा अधिकार त्यांत आहे. त्याच सुमारास मुंबई व कराचीहून हज यात्रेकरूंना नेणाऱ्या बोटी थांबविण्यांत आल्या, आणि व्हेनिसला खास प्लेगसाठीं परिषद भरली. मुंबई-पुण्याच्या घरांघरांतून त्या वर्षीं जी झडती झाली, तिच्या कठोरपणामागें हिंदुस्थानचा माल परदेशीं अडेल ही भीतिहि होती. ओसरींतल्या चुलीपर्यंत सोजीर आले, त्याचा एक धागा असा दूरच्या गोद्यांपर्यंत पोंचतो.

या सर्व कायद्यांतून एक प्रवासी मात्र सुटला होता. पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ सालीं कराचींत प्रयोग करून, उंदरांच्या अंगावरची पिसू प्लेग पसरविते असें दाखविलें. कोणीं फारसें मनावर घेतलें नाहीं. पुढें मुंबईंतील संशोधनानें तें पक्कें झालें. पांच शतकें माणसांना बेटावर डांबलें, आणि उंदीर दोरावरून निमूटपणें धक्क्यावर उतरत राहिले! कापडाच्या गांठींना जुने लोक भीत, तें त्यांच्या समजुतीप्रमाणें विष कापसाला चिकटतें म्हणून. कारण चुकलें, पण भीति अगदींच अनाठायीं नव्हती, कारण पिसवा गांठींत लपून राहूं शकतात. पॅरिसच्या १९०३ सालच्या करारानें जहाजांवरील उंदरांच्या नाशाला महत्त्व दिलें, आणि बोटीच्या दोरांवर पत्र्याच्या चकत्या दिसूं लागल्या.

जागतिक आरोग्य संघटनेनें १९५१ सालीं हे विखुरलेले करार एका नियमावलींत गोंवले. तिची सुधारलेली आवृत्ति २००५ सालची आहे. बोटीवर पूर्वीं रोगाची खूण म्हणून जो पिवळा बावटा चढवीत, तो आजहि चढतो. मात्र सांकेतिक भाषेंत आतां त्याचा अर्थ ‘माझें जहाज निरोगी आहे, बंदरांत येण्याची परवानगी असावी,’ असा होतो.