किल्ल्यातली सफा मशीद

विजापूरचा पहिला आदिलशहा यूसुफ हा उस्मानी सुलतान दुसऱ्या मुरादचा मुलगा, असं इतिहासकार फिरिश्ता लिहितो. मला ते पटत नाही. नव्या घराण्याला थोर पूर्वज हवेच असतात. त्या उस्मानी नात्याच्या भरवशावर बेळगावच्या किल्ल्यातल्या सफा मशिदीत तर इस्तंबूलसारख्या निळ्या टाइल्स शोधूच नका. आदिलशाही सरदार असदखान लारीनं ती 1519 मध्ये बांधली. इथलं देखणं काम चुनेगच्चीचं. पण मी रेंगाळतो खांबांपाशी. ते जुन्या देवळांचे. एकावर रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा 1199 चा लेख, दुसऱ्यावर यादव राजा कृष्ण याचा. भाषा कानडी, लिपी मात्र नागरी! महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नावर तावातावानं बोलणाऱ्या आपल्या दोन्हीकडच्या मंडळींनी हे खांब एकदा बघावेतच. किल्ल्यात लष्कर आहे, तेव्हा आधी विचारून जा.