माळवदाची सावली

बालाघाटाच्या पठारावरील लातूर-उस्मानाबादच्या ज्या मुलखावर 1948 पर्यंत निजामाचा अंमल होता, तेथे पाऊस बेताचा आणि वैशाखातले ऊन चाळीस अंशांच्या पार जाणारे असल्यामुळे, कोकणातल्या उतरत्या छपराची निकड तेथील रयतेला कधी भासली नाही. तिला हवी होती सूर्याचा ताप दिवसभर अडवून धरणारी जाड भिंत आणि जड छत, आणि त्यासाठी लागणारा काळा पाषाण व माती त्या भूमीत मुबलक होती. खणाखणाने उभारलेले लाकडी खांब, त्यांवर तुळया, कड्या व फळ्या, आणि सर्वांवर हातभर जाडीची माती, असे ते माळवद. दुपारची उष्णता त्यातून आत झिरपेपर्यंत रात्र होई, आणि तोवर घरची माणसे अंथरुणे घेऊन त्याच माळवदावर निजावयास गेलेली असत.

चोराचिलटांच्या भयाने भिंतींना खिडक्या फारशा नसतच. उजेड येई तो छतात ठेवलेल्या साने नावाच्या झरोक्यातून. चुलीचा धूर त्याच वाटेने वर जाई, आणि धुराने दिसू लागलेला उन्हाचा कवडसा सारवलेल्या भुईवरून सरकत कोणत्या खांबाशी पोहोचला, यावरून गृहिणी वेळ ओळखी. पाऊस आला की कोणीतरी लगबगीने वर जाऊन साने झाकीत असे.

परंतु या गारव्याची किंमतही सांगितलीच पाहिजे. गळती थांबविण्यासाठी सालोसाल नवी माती पडून छताचा भार वाढत गेला, आणि भिंतींची आतली व बाहेरची फळी आरपार दगडांनी सांधण्याची दक्षता मात्र बहुधा घेतली गेली नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून लोक निजले असता, या मुलखातील किल्लारीच्या भूकंपात याच भिंती कोसळून हजारो माणसे गाडली गेली. जेथे खांब-तुळयांचा सांगाडा शाबूत होता, तेथे काही घरांची छते भिंती पडूनही उभी राहिली, हे मला फार महत्त्वाचे वाटते. कारण दोष जाडीचा नव्हता, बांधणीचा होता. पुनर्वसनात मिळालेल्या पातळ स्लॅबच्या घरांनी भय निवारले खरे, पण उन्हाळ्याची दुपार त्यांत असह्य होते. म्हणून या मुलखात घरे उभारणाऱ्या अभियंत्यांना माझी विनंती आहे की, भिंती पक्क्या बांधा, पण छताला सावली आणि वरून येणारा उजेड द्या.