तारांचा चक्रव्यूह

चिपवर लाखो गेट कुठे बसवायची हे ठरलं की खरी डोकेदुखी सुरू होते: ती एकमेकांना जोडायची कशी? धातूचे थर मोजकेच. एकाच थरात दोन वेगळ्या तारा एकमेकींना शिवल्या की शॉर्ट, चिप कचऱ्यात! या जोडणीला म्हणतात राउटिंग.

१९६१ साली बेल लॅब्जच्या सी. वाय. ली यांनी यावर एक सोपा उपाय मांडला. शाळेतली चौकटीची वही घ्या. सुरुवातीच्या घराशेजारच्या मोकळ्या घरांत १ लिहा, त्यांच्या शेजारी २, मग ३... मुक्कामाचं घर आलं की उतरत्या आकड्यांनी मागे या. वाट असेल तर सर्वात जवळची सापडणारच. कॉलेजात मी हे सी भाषेत लिहिलं आणि वाटलं, जिंकलो! दहावी तार टाकताना कळलं, आधीच्या नऊ तारांनीच रस्ता अडवलाय. मग जुनी उखडा, नवी टाका, जुनीला दुसरी वाट शोधा. राउटर लिहिणं अवघड ते इथे.

१९८०च्या दशकात बर्कलीत जॉन ओस्टरहाउट आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 'मॅजिक' हे लेआउटचं सॉफ्टवेअर लिहिलं आणि सोर्सकोडसकट वाटलं. येल विद्यापीठाचं 'टिंबरवुल्फ' गेटांच्या जागा ठरवायचं. तेही काही काळ खुलं होतं, पुढे व्यावसायिक झालं आणि दार बंद! शेवटची खुली आवृत्ती तेवढी उरली, पण तिला तारांचं बारीक राउटिंग येत नव्हतं. म्हणजे पानं मांडली, पण वाढपीच नाही.

ही उणीव भरून काढली टिम एडवर्ड्स यांच्या 'क्यूराउटर'ने. तो मुळात चक्रव्यूहात वाट शोधणाराच राउटर, लींच्याच घराण्यातला. टिंबरवुल्फची ती जुनी आवृत्तीही 'ग्रेवुल्फ' या नावाने पुन्हा कामाला लागली.

२०१८ मध्ये अमेरिकेच्या डार्पाच्या पैशातून अँड्र्यू कांग यांच्या नेतृत्वाखाली 'ओपनरोड' सुरू झालं. ध्येय काय, तर माणसाने हात न लावता २४ तासांत लेआउट! २०२० मध्ये गूगल आणि स्कायवॉटरने १३० नॅनोमीटरचे कारखान्याचे नियमही खुले केले. आता विद्यार्थ्यालाही महागडं लायसन्स न घेता खरी चिप आखता येते.

ओस्टरहाउट पुढे दुसऱ्या कामांकडे वळले, टिंबरवुल्फचं दार बंद झालं, तरी दोघांचा कोड चालतोय. कारण एकच: एकदा खुला वाटलेला कोड परत मागून घेता येत नाही.

असो. चौकटीची वही जपून ठेवा!